भरली की सुटणारी आणि वेळेवर सुटणारी



लोहगडवाडीच्या एका वाचक भगिनीने या सदराकडे प्रश्न पाठविला आहे. त्या लिहितात, "थायलंड, म्यानमार, श्रीलंकेचे बौद्ध उपासक हंगामात विमानाने थेट गयेला उतरतात, त्यातले काही तर अख्खे विमानच ठरवून येतात. गोव्यातही गोरे पाहुणे अशाच ठरवलेल्या विमानाने येतात आणि त्यांना ते स्वस्त पडते म्हणे. मग आपल्या लोकांसाठी देशातल्या देशात, पुण्याहून गयेला असे खास विमान का नाही? आमच्या चाळीस जणींच्या महिला मंडळाने बोधगयेसाठी भिशी धरली आहे. एक एजंट म्हणतो, चार्टर विमान करून देतो. पैसे द्यावेत का?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात चाळीस घरांची पुंजी अडकली आहे. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर विमानतळावर शोधण्याआधी मळवली स्टेशनाबाहेर शोधू. तिथे आपल्याला दोन तऱ्हेची वाहने भेटतात. एक पुणे-लोणावळा लोकल. ती तिच्या वेळेला सुटते. डबा भरलेला असो की डब्यात पाच माणसे असोत, ती कोणासाठी थांबत नाही आणि माणसे कमी म्हणून रद्दही होत नाही. दुसरी बाहेरची रिक्षा किंवा जीप. तिच्यात पुन्हा दोन प्रकार. शेअर असेल तर भरली की सुटते, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचे असेल तर "स्पेशल" करावी लागते. स्पेशल म्हणजे काय? तर बसणारे तुम्ही दोघे, पण पैसे सगळ्या जागांचे आणि वर रिकाम्या परतीचेही. चार्टर विमान म्हणजे ही स्पेशल रिक्षाच होय. फक्त ती आकाशातून जाते आणि तिच्यात १८० जागा असतात.

आपल्या कायद्यानेही हा भेद मानला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात टप्पा वाहतुकीचा परवाना वेगळा आणि कंत्राटी वाहतुकीचा वेगळा आहे. एसटी टप्प्याटप्प्याने थांबते, प्रत्येकाला सुटे तिकीट देते. लग्नाची किंवा सहलीची बस एका पार्टीने अख्खी ठरवलेली असते, तिने वाटेत हात दाखवणाऱ्याला घ्यायचे नसते. विमानाचेही तसेच. वेळापत्रक जाहीर करून सुटी तिकिटे विकणाऱ्या कंपनीचा परवाना वेगळा, आणि अख्खे विमान भाड्याने देणाऱ्या बिगर-अनुसूचित कंपनीचा वेगळा.

गोऱ्या पाहुण्यांना स्वस्त का पडते?

युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर नेहमीच्या विमान कंपन्यांचे भाडे सरकारे ठरवीत आणि ते सामान्य माणसाला परवडत नसे. १९५० साली व्लादिमीर राइट्झ नावाच्या लंडनच्या उद्योजकाने एक वाट काढली. त्याने अख्खे विमान ठरविले, कॉर्सिका बेटावर राहण्या-जेवण्याची सोय केली आणि प्रवास, मुक्काम, जेवण यांची एकत्र किंमत लावली. सरकारने सुरुवातीला ही परवानगी फक्त विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यापुरती दिली होती. पुढे ही पद्धत एवढी वाढली की कारखान्यातला कामगारही वर्षातून एकदा समुद्रकाठी जाऊ लागला. सुटे तिकीट महाग आणि एकत्र सहल स्वस्त, या फटीतून चार्टर कंपन्या जन्माला आल्या.

ऐंशीच्या दशकात हीच विमाने गोव्यात दाबोळीला उतरू लागली. त्यांचा हिशेब पाहा. विमान आज नवी तुकडी घेऊन येते आणि आठवड्या-पंधरवड्यापूर्वी आलेली तुकडी घेऊन परत जाते. जाताना भरलेले, येतानाही भरलेले. रिकामे जाते ते फक्त हंगामाच्या पहिल्या परतीला, आणि रिकामे येते ते शेवटची तुकडी न्यायला. हॉटेलच्या खोल्या सहल कंपनीने सहा महिन्यांसाठी एकदम घेतलेल्या. प्रवास नऊ-दहा तासांचा. तिकडे कडाक्याची थंडी, इकडे ऊन. प्रवाशाला तेवढ्या अंतरासाठी रेल्वे नाही, बस नाही. या सगळ्या गोष्टी एकत्र जुळतात म्हणून ते विमान परवडते.

आता यातली एकेक गोष्ट देशातल्या प्रवासाला लावून बघू.

देशात का परवडत नाही?

पहिले कारण, भरण्याचे. समजा, १८० जागांच्या विमानाचे जाण्या-येण्याचे भाडे १८ लाख रुपये ठरले. १८० माणसे असतील तर माणशी १० हजार पडतील. ९० असतील तर २० हजार. आणि तुम्ही चाळीस जणीच असाल तर ४५ हजार. त्यात तुम्ही बोधगयेला आठ दिवस राहणार. तेवढे दिवस विमान उभे ठेवायचे की रिकामे परत आणून पुन्हा रिकामे न्यायचे? उभे विमान दर दिवशी पैसे खाते आणि रिकामे विमान इंधन खाते. दोन्हींचे बिल ठरवणाऱ्याच्या नावावर. गोव्यासारखी एकामागून एक तुकड्यांची साखळी पुणे-गया वाटेवर सहा महिने लावता आली तरच हा हिशेब सुटेल.

दुसरे कारण, अंतराचे. विमानाला सर्वात जास्त जोर लागतो तो वर चढताना. विमान उतरण्याचे शुल्कही प्रत्येक वेळी भरावे लागते, मग अंतर लहान असो की मोठे. दहा तासांच्या प्रवासात हा खर्च दहा तासांवर वाटला जातो, दोन तासांच्या प्रवासात दोनच तासांवर. म्हणून जवळच्या फेरीत दर किलोमीटरला खर्च अधिक येतो. नेहमीची कंपनी त्यावर उपाय म्हणून तेच विमान दिवसातून पाच-सहा फेऱ्यांना जुंपते. एका फेरीसाठी ठरवलेल्या विमानाला ते जमत नाही.

तिसरे कारण, इंधनाच्या कराचे. देशातल्या उड्डाणासाठी भरलेल्या इंधनावर राज्य सरकारचा मूल्यवर्धित कर लागतो. मुंबई-पुण्यात तो २५ टक्के होता, २०२३ मध्ये १८ टक्के केला गेला. परदेशी जाणाऱ्या परदेशी विमानाला हा कर पडत नाही. म्हणजे एकाच टाकीतले इंधन लंडनच्या विमानाला स्वस्त आणि नागपूरच्या विमानाला महाग.

चौथे कारण, कायद्याचे. तुम्ही म्हणाल, गयेला उतरलेले थायलंडचे विमान तिथे उभेच आहे, तर त्यानेच आम्हाला गयेहून मुंबईला का सोडू नये? तर तसे करता येत नाही. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सातव्या कलमाने प्रत्येक देशाला असा अधिकार दिला आहे की, आपल्या दोन गावांमधली प्रवासी वाहतूक परक्या विमानाला नाकारावी. भारताने ती आपल्याच कंपन्यांसाठी राखून ठेवली आहे.

पाचवे कारण सर्वात महत्त्वाचे. देशातला प्रवासी एकत्र जातो खरा, पण एकत्र परतत नाही. कोणी नोकरीवर हजर व्हायचे म्हणून आधी निघतो, कोणी मुलीकडे दोन दिवस राहतो, कोणी आजारी आईला बघायला एकटाच जातो. त्याला हवे असते सुटे तिकीट, आज नाही जमले तर उद्याचे. शिवाय त्याच्यासमोर रेल्वे आहे, बस आहे. अशा माणसाला अख्ख्या विमानाचा सौदा उपयोगाचा नाही. त्याला उपयोगाचे आहे ते वेळापत्रक.

एअर टॅक्सीची गोष्ट

हे केवळ तर्काने सांगत नाही. आपल्याच देशात याचा प्रयोग होऊन गेला आहे. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हापासून देशातली नियमित विमानसेवा इंडियन एअरलाइन्सकडे होती. १९८६ मध्ये सरकारने खासगी लोकांना "एअर टॅक्सी" म्हणून परवानगी दिली, पण अट अशी की वेळापत्रक जाहीर करायचे नाही. म्हणजे विमान चालवा, पण कधी सुटते ते लोकांना छापून सांगू नका! अशा धंद्यात कोण पडणार? नव्वदच्या सुमारास अटी सैल झाल्या, तेव्हा कुठे कंपन्या पुढे आल्या. १९९२ मध्ये ईस्ट-वेस्ट, १९९३ मध्ये जेट, दमानिया, मोदीलुफ्त. कागदावर या साऱ्या टॅक्सीच होत्या, पण प्रत्येकीची धडपड एकच, नियमित सेवा होण्याची. १९९४ मध्ये जुना कायदा रद्द झाला आणि जेटला १९९५ मध्ये नियमित सेवेचा दर्जा मिळाला. टॅक्सी म्हणून निघालेल्यांना वेळापत्रकाकडेच यावे लागले, कारण प्रवासी तिथे होता.

पुढे २००३ मध्ये एअर डेक्कन आली. तिने आणि तिच्यामागून आलेल्या कंपन्यांनी चार्टरवाल्यांच्या काटकसरीच्या सगळ्या युक्त्या उचलल्या. जागा दाटीने बसवायच्या, फुकट जेवण द्यायचे नाही, विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवायचे. फरक एवढाच की तिकीट सुटे आणि वेळ ठरलेली. मग देशात चार्टरला जागा उरली कुठे? युरोपातही तेच झाले. भाड्यांवरची बंधने उठली, स्वस्त नियमित सेवा आल्या आणि कित्येक चार्टर कंपन्यांना आपले रूप बदलावे लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनची जुनी थॉमस कुक कंपनी बुडाली, तेव्हा सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले आणि त्यांना आणण्यासाठी सरकारला विमाने पाठवावी लागली. भारतातली त्याच नावाची कंपनी वेगळी होती, तिला धक्का लागला नाही. पण बोध घ्यायचा तो असा की, अख्खी सहल एकाच्या हाती दिली की तो बुडाला की आपणही अडकतो.

मग देशात खास विमान कधीच नसते का?

असते, पण विरळा. निवडणुकीत पुढारी घेतात, उद्योगपती घेतात, अत्यवस्थ रुग्णाला हलवायला घेतात. १९८५ मध्ये पवन हंस ही सरकारी कंपनी निघाली ती मुख्यतः ओएनजीसीसाठी. समुद्रातल्या तेलविहिरींवरच्या कामगारांना तिची हेलिकॉप्टरे नेत-आणत आली. तिथे माणसे किती ते ठाऊक, दिवस ठरलेले, जाणे-येणे दोन्ही भरलेले आणि पैसे एकाच कंपनीचे. अशी जुळणी असेल तिथे देशातही चार्टर चालते.

आणि असते ते अशा प्रसंगाला, जो वेळापत्रकासाठी थांबू शकत नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच रात्री त्यांचे पार्थिव खास विमानाने मुंबईला आणावे लागले. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाला. आयुष्यभर ज्या समाजाला त्यांनी उभे केले, तो समाज मात्र मुंबईकडे मिळेल त्या गाडीने निघाला होता. आजही महापरिनिर्वाण दिनाला नागपूर-मुंबई मार्गावर रेल्वे जादा गाड्या सोडते. त्या जादा गाड्यांतही सुटे तिकीट काढून एकटा माणूस बसू शकतो, हे लक्षात ठेवा.

दुसरा प्रसंग २०२० सालचा. टाळेबंदीत मार्चपासून रेल्वे थांबली, एसटी थांबली. वेळापत्रक थांबले तेव्हा कोण चालू लागले? आपलाच कष्टकरी. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. घरी जायला गाडी मिळावी म्हणून ते जालन्याहून चालत निघाले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस, २८ मे रोजी, बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून एक अख्खे विमान ठरविले आणि झारखंडच्या पावणेदोनशेच्या आसपास मजुरांना मुंबईहून रांचीला पोचविले. त्या विद्यार्थ्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण एका विमानाने पावणेदोनशे जातात. लाखोंचे काय? त्यांच्यासाठी रेल्वेच सुरू व्हावी लागते. दानाने एक विमान उडते, देश वेळापत्रकाने चालतो.

वेळापत्रक म्हणजे हक्क

मला या सदरातून खरे सांगायचे ते हेच. भरली की सुटणारे वाहन ज्याच्याकडे माणसे आणि पैसा आहे त्याचे असते. वेळेवर सुटणारे वाहन एकट्याचे असते. लोहगड-विसापूरच्या कुशीत भाजे आहे, पलीकडे कार्ला आहे. या लेण्यांजवळून घाट चढणारे व्यापारी तांड्याने जात. तांडा जमला की सार्थवाह निघे. ज्याच्यापाशी माल नाही, बैल नाही, त्याला तांड्याची वाट पाहत बसावे लागे. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि असे वाहन आले, जे माणूस कोण आहे हे न विचारता घड्याळ पाहून निघत होते.

वेळापत्रकावर अटीही घालता येतात. १९९४ मध्ये सरकारने नियम केला की, मोठ्या शहरांदरम्यान नियमित सेवा चालविणाऱ्या कंपनीने त्या क्षमतेच्या किमान १० टक्के इतकी सेवा ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप अशा भागांतही दिली पाहिजे. फायद्याच्या वाटेबरोबर गरजेची वाटही चालवा, असा त्याचा अर्थ. ठरवून दिलेल्या विमानाला ही अट नाही, ते बोलावील त्याच्याकडे जाते. २०१७ मध्ये उडान योजनेची पहिली विमाने सुटली, त्यात नांदेड-हैदराबाद होते. छोट्या गावांच्या विमानातील काही जागांचे भाडे मर्यादित ठेवायचे आणि तूट सरकारने भरायची, अशी ती योजना. त्यातले अनेक मार्ग पुढे बंद पडले. छोट्या वाटेवर वेळापत्रक टिकवणे किती कठीण आहे, ते यावरून कळते. पण कठीण आहे म्हणून सोडून द्यावे असे नाही.

एसटीचेही तसेच पाहा. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा खेड्यातल्या मुला-मुलींच्या शाळा-कॉलेजचे काय हाल झाले ते आपण पाहिले. कामगारांच्या मागण्यांबद्दल इथे बोलत नाही. पण एसटी नव्हती तेव्हा खासगी गाडीवाला मागेल ते भाडे द्यावे लागले, हे खरे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटी मोफत झाली, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. या सवलती एसटीत मिळतात. सहलीच्या बसमध्ये किंवा स्पेशल रिक्षात त्या कोण देणार?

जुलै २०२५ मध्ये लोहगडाला इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारशाचा मान मिळाला. आता ठरवलेल्या बसगाड्या भरभरून येतील. येवोत. वाडीवरच्या हातांना काम मिळेल. पण त्या गाड्या रविवारी येतात आणि संध्याकाळी जातात. सोमवारी सकाळी शाळेला जाणारी मुलगी आणि बुधवारी दवाखान्यात जाणारी आजी यांना त्यांचा उपयोग नाही. म्हणून ग्रामसभेत बोलायची वेळ येईल तेव्हा वाहनतळाबरोबर गाडीच्या वेळाही मागा.

एजंटाला काय विचारावे?

आता ताई, तुमच्या भिशीकडे येतो. एजंटाला पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. एक, हे नेहमीच्या विमानाचे नावानिशी तिकीट आहे की अख्खे विमान? नेहमीचे असेल तर प्रत्येकीच्या नावाचा पीएनआर क्रमांक द्या. दोन, अख्खे असेल तर कोणत्या कंपनीचे, आणि तिच्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना आहे का? तीन, विमान भरले नाही तर उरलेल्या जागांचे पैसे कोण देणार, आणि परतीचे काय? चार, जाणे रद्द झाले तर किती पैसे, किती दिवसांत परत? या प्रश्नांना जो गुळमुळीत उत्तर देईल त्याला नमस्कार करा.

माझे मत विचाराल तर चाळीस जणींना विमान अख्खे घेण्याची गरज नाही. १८० जागांचे विमान तुमच्याने भरत नाही. पण ७२ जागांचा रेल्वेचा डबा अर्ध्याहून अधिक भरतो. शेजारच्या दोन विहारांच्या भगिनी मिळाल्या तर पूर्णच भरेल. आयआरसीटीसीकडे अनामत भरून अख्खा डबा आरक्षित करता येतो. तिथेही डब्याच्या रिकाम्या धावेचे पैसे लावतात, ते आधी विचारून घ्या. विमानानेच जायचे असेल तर नियमित कंपन्या समूहासाठी एकत्र आरक्षण देतात, त्यांच्याकडे थेट चौकशी करा आणि दोन-तीन महिने आधी करा. आणि साधा उपाय तर आहेच, वेळापत्रकातल्या गाडीची चाळीस सुटी तिकिटे. एखादीचे जाणे ऐन वेळी रद्द झाले तर तिचे एकटीचे तिकीट रद्द होईल, बाकीच्यांवर बोजा पडणार नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये रेल्वेने अख्खी गाडी भाड्याने देण्याचे धोरण आणले. त्यातली पहिली गाडी जून २०२२ मध्ये कोईमतूरहून शिर्डीला आली. यात्रेकरू एकत्र जातात, एकत्र परततात, संख्या आधी ठरते, म्हणून तिथे ते जमले. आपल्या संस्थांनी, विहार समित्यांनी एकत्र येऊन मनात आणले तर बोधगया, सारनाथ, कुशीनगरसाठी अशी गाडी ठरवणे अशक्य नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब एकट्या कोणा राजाने दिलेले नाहीत. वेगवेगळ्या दात्यांनी एकेक खांब दिला, हे तिथले शिलालेखच सांगतात. आपले चारशे-पाचशे लोक एकेक जागा भरतील तर गाडी उभी राहील.

तोवर, लोकल वेळेवर आहे का तेवढे पाहा, आणि नसेल तर स्टेशन मास्तरकडच्या वहीत तक्रार लिहा. त्या वहीत लिहिणे हाही आपल्या हक्काचाच भाग आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!